पेटीतल्या ‘गांधीलमाशी, नाव अज्ञात’चं काय करायचं?

मुंबईतल्या एखाद्या जुन्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात डोकावलात तर फॉर्मेलिनच्या बरण्या आणि एखादा सांगाडा यांच्या पलीकडे कोपऱ्यात सागवानी कपाट दिसण्याची बरीच शक्यता असते. त्यातल्या कीटकांच्या पेट्यांपैकी फुलपाखरांची पेटी नावानिशी मांडलेली असते आणि भुंगेरेही बऱ्यापैकी लावलेले असतात. शेवटच्या पेटीत मात्र पन्नास-साठ बारीक काळ्या-पिवळ्या माश्या एकाच चिठ्ठीखाली कोंबलेल्या: ‘गांधीलमाशी, नाव अज्ञात’. गेली काही वर्षं मी असल्याच पेट्या उपसतो आहे. हा लेख त्या शेवटच्या पेटीसाठी.

आधीच सांगतो. स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि संयम एवढ्यावर तुम्ही बहुतेक परोपजीवी माश्या कुलापर्यंत (फॅमिली) नेऊ शकाल, काही प्रजातीपर्यंत (जीनस). जातीपर्यंत (स्पीशीज) पोचाल ते फार थोड्या वेळा, आणि त्यात कमीपणा काही नाही. चुकीचं जातीचं नाव एकदा यादीत शिरलं की तिथून ते दुसऱ्या यादीत जातं आणि पन्नास वर्षं कुणी मूळ माशी काढून बघत नाही. ‘ब्रॅकोनिडी’ एवढं कुलाचंच नाव लिहून थांबलेली चिठ्ठी पुढच्या माणसाच्या कामाची असते.

आधी ‘परोपजीवी’ म्हणजे कोण ते ठरवू

आपल्याकडे संतसाहित्यात भृंग आणि कीटकाचा दृष्टांत येतो. भृंगी अळीला आपल्या घरात कोंडते, अळीला भृंगीचाच ध्यास लागतो आणि शेवटी ती भृंगीच होऊन बाहेर पडते. ज्याने हे पाहिलं त्याचं निरीक्षण पक्कं होतं, कारण मातीच्या घरात खरंच अळी जाते आणि गांधीलमाशी बाहेर येते. फक्त मधल्या काळात अळी रूपांतरित होत नाही, खाल्ली जाते.

मातीचं घर बांधून त्यात लुळी केलेली शिकार कोंबणारी माशी मात्र शिकारी. कुंभारीण त्यातलीच, ती कोळी भरते. परोपजीवी माशी घर बांधण्याच्या भानगडीत पडत नाही. यजमान जिथे असेल तिथे त्याच्या अंगावर, अंगात किंवा त्याच्या अंड्यात ती आपलं अंडं घालते. पिल्लू यजमानाला खाऊन वाढतं आणि यजमान बहुधा मरतो. उवेसारखा खरा परजीवी यजमानाला जगवून त्याच्यावर पोसतो, ही तशी नाही.

पेटीत या सगळ्या एकत्र असतात, म्हणून त्या वेगळ्या करणं हे पहिलं काम.

पेटी केव्हा आणि कशी उघडायची

जुलैत उघडू नका, नाइलाज असेल तर एसी चालू असलेल्या खोलीतच उघडा. मुंबईच्या पावसाळ्यात पेटी तासभर उघडी राहिली तर आत गेलेला दमटपणा महिनाभर मुक्काम करतो आणि गणपतीनंतर झाकण काढावं तर मिशांवर पांढरा कापूस. मी ही कामं नोव्हेंबर ते मार्च या काळात उरकतो. पेटी बंद करताना आत सिलिका जेलची पुडी ठेवायची, रंग बदलला की बदलायची.

पेटीच्या तळाशी तपकिरी भुकटी किंवा केसाळ अळीची कात दिसली तर आत अँथ्रीनस हा वाळलेले कीटक खाणारा भुंगेरा घुसला आहे. अख्खी पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि उणे २० अंश सेल्सिअसला आठ-दहा दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. पेटी खोलीच्या तापमानाला आली की मग, नाहीतर पाण्याचे थेंब थेट नमुन्यांवर धरतात. डांबरगोळ्यांनी आत शिरलेली अळी मरत नाही. शिवाय त्या वासात दिवसभर बसल्यावर डोकं धरतं ते निराळंच.

बुरशी बारीक ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून हलकेच निघते. पण आधी माशी कशाने चिकटवली आहे ते बघा. जुन्या काळी काही जण लाखेचा डिंक वापरत आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एकदा ब्रश फिरवता फिरवता अख्खी माशी कागदावरून उतरून माझ्या टेबलावर आली, तेव्हापासून मी आधी कोपऱ्यात थेंबभर लावून बघतो.

आणि हो, बाह्या वर करून बसा. संग्रहातल्या जितक्या मिशा तुटतात त्यातल्या निम्म्या शर्टाच्या बाहीला अडकून तुटतात, असा माझा अनुभव आहे. तुटलेला तुकडा फेकायचा नाही. जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सुलमध्ये घालून त्याच टाचणीला खाली लावायचा.

माशीच्या आधी चिठ्ठी

टाचणीवरच्या चिठ्ठ्या काढायच्या असतील तर आधी त्यांचा क्रमासकट फोटो घ्या आणि बघून झाल्यावर त्याच क्रमाने परत लावा. चिठ्ठीविना माशी म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

मुंबईतल्या संग्रहात जुनी गावांची नावं गोंधळात टाकतात. ‘साल्सेट’ म्हणजे साष्टी, आजची जवळजवळ सगळी उपनगरं. ‘बँडोरा’ म्हणजे वांद्रे. १९२० पूर्वीच्या चिठ्ठीवर वांद्र्यापुढे ‘ठाणा जिल्हा’ लिहिलेलं असेल तर ती चूक नाही, तेव्हा ते तिथेच होतं. ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ एवढंच असेल तर मात्र नकाशावर कुठेही टिंब ठेवू नका. त्यात १९३६ पर्यंत सिंध होता आणि कारवारही होतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९०७ साली पीटर कॅमेरॉन या कीटकशास्त्रज्ञाने मेजर नर्स या लष्करी अधिकाऱ्याने ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’त गोळा केलेल्या परोपजीवी माश्यांवर लिहिलं. त्यातलं डीसा हे ठिकाण आज गुजरातेत आहे. शीर्षकात बॉम्बे दिसलं म्हणून ती माशी ‘मुंबईची’ म्हणून मोजलेली मी याद्यांत पाहिली आहे.

महिना बहुधा रोमन आकड्यात असतो, तो तसाच उतरवा. कुठल्या अळीतून किंवा कोषातून माशी निघाली असं लिहिलेलं असेल तर ती चिठ्ठी सोन्याची. टाचणीखाली चिकटवलेला रिकामा कोष किंवा वाळकी अळी हा कचरा नसतो, पुरावा असतो. पण एक धोका लक्षात ठेवा. अळीवर जगणाऱ्या माशीवर जगणारी दुसरी माशीही असते. तेव्हा ‘या अळीतून निघाली’ याचा अर्थ ‘या अळीला मारणारी’ असा दर वेळी होत नाही.

टाचणीला लाल काठाची गोल चिठ्ठी दिसली तर हात मागे घ्या. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या पद्धतीत लाल काठ म्हणजे होलोटाइप, ज्या एका नमुन्यावर जातीचं नाव टेकलेलं असतं तो. पिवळा काठ पॅराटाइपचा, म्हणजे त्याच वर्णनात वापरलेल्या इतर नमुन्यांचा. असा नमुना कॉलेजच्या कपाटात निघाला तर त्याला न हलवता जाणत्याला बोलवा.

पहिली चाळणी: ही परोपजीवी आहे का?

मायक्रोस्कोप दहा पटीवर ठेवा. दिव्याचा उजेड थेट पडू देऊ नका, चकचकीत अंगावर नुसते पांढरे डाग दिसतात. ट्रेसिंग पेपरची नळी करून नमुन्याभोवती उभी केली की उजेड मऊ पडतो आणि अंगावरचे खळगे, रेघा एकदम उमटतात. मोठा खर्च करण्याआधी हे दहा रुपयांचं काम करून बघा.

पंख मोजा. एकच जोडी आणि मागे बारीक गोळ्या असतील तर ती खरी माशी, गांधीलमाशीचं सोंग घेतलेली. दोन जोड्या असतील तर कंबर बघा. कंबर नसेल, उदर वक्षाला रुंद जोडलेलं असेल तर ती करवतमाशी. कंबर बारीक असेल तर तुम्ही योग्य घरात आलात.

या कंबरेबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या, नाहीतर पुढे प्रत्येक मोजणी चुकेल. ही कंबर खऱ्या अर्थाने वक्ष आणि उदर यांच्यामध्ये नसतेच. उदराचा पहिला खंड पुढे सरकून वक्षाला कायमचा चिकटलेला असतो, बारीक होतो तो दुसरा. वर्णनं वाचताना ‘पहिला खंड’ म्हटलं की बहुतेक वेळा कंबरेपासून मोजलेला पहिला.

मग मिशांची पेरं मोजा. डंख मारणाऱ्या बहुतेक गांधीलमाश्यांत मादीला १२ आणि नराला १३ पेरं असतात. वीस-तीस पेरं भरली तर ती परोपजीवी, आणि बहुधा पुढच्या दोन कुलांपैकी एकातली. मागे लांब केसासारखी नळी लोंबत असेल तर तो अंडी घालण्याचा अवयव. तो नसला म्हणून माशी परोपजीवी नाही असं मात्र नाही. नराला तो नसतोच, आणि पुष्कळ माद्यांचा आखूड किंवा आत दडलेला असतो.

इक्न्युमोनिडी की ब्रॅकोनिडी

पेटीतल्या ठळक परोपजीवी माश्यांपैकी बऱ्याचशा इथे येतात, म्हणून इथे सावकाश जाऊ. लांब मिशा, सडपातळ अंग, आणि पुढच्या पंखाच्या वरच्या काठालगतच्या दोन जाड शिरा एकमेकींना चिकटून एक झालेल्या. हे जुळलं की दोन्हींपैकी एक.

आता पुढचा पंख वीस-तीस पटीवर. पंखाच्या बाहेरच्या अर्ध्यात खालून वर चढणाऱ्या आडव्या शिरा शोधा. दोन असतील तर इक्न्युमोनिडी, एकच असेल तर ब्रॅकोनिडी. पडताळा म्हणून पंखाच्या मधला मोठा कप्पा बघा. इक्न्युमोनिडीत तो घोड्याच्या तोंडासारखा दिसतो. ब्रॅकोनिडीत बहुधा तिथे एक छोटी शीर आडवी येऊन त्याचे दोन भाग करते, घोडा राहत नाही. एकदा हा घोडा दिसला की परत न दिसणं अवघड.

पंख फाटलेला असेल, जुन्या पेटीत असतोच, तर उदराकडे वळा. ब्रॅकोनिडीत कंबरेपासूनच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडांची पाठ एकजीव झालेली असते, मधे रेघ दिसली तरी ती वाकत नाही. इक्न्युमोनिडीत ते दोन खंड बहुधा सुटे असतात. दोन्ही बाजूंना थोडे अपवाद आहेत. म्हणून पंख आणि उदर दोन्ही एकच सांगत असतील तरच चिठ्ठी लिहा.

पुढे जायचं असेल तर ओळखीच्या काही खुणा:

पिवळीधमक, अंगावर काळे ठिपके, दणकट बांधा: झँथोपिम्प्ला. ही इक्न्युमोनिडीतली, पतंगांच्या कोषांवर जगणारी. रंगावरून प्रजाती ओळखू येणाऱ्या मोजक्यांपैकी एक, पण जातीसाठी ठिपके मोजायला बसलात तर रात्र सरेल.

रात्री ट्यूबलाइटवर येणाऱ्या नारिंगी, लांब, बाजूंनी चपटं उदर असलेल्या माश्या जवळजवळ प्रत्येक पेटीत असतात आणि सगळ्या एकाच नावाखाली असतात. त्या एक नव्हेत. घोड्याच्या तोंडाच्या कप्प्यात केस नसलेला काचेसारखा डाग आणि त्यात पिवळसर तुकडे असतील तर एनिकोस्पायलस. तसं काही नसून पंखात बाहेरच्या बाजूला एक चिमुकला बंदिस्त कप्पा असेल तर नेटेलियाकडे बघा.

टाचणीखाली पांढऱ्या, कापसासारख्या इवल्या कोषांचा झुबका असेल आणि माशी दोन-तीन मिलिमीटरची, काळी, मिशांना बरोबर १८ पेरं, तर ब्रॅकोनिडीतलं मायक्रोगॅस्ट्रिनी हे उपकुल. इथे थांबा. जुन्या पेट्यांत यातल्या प्रत्येकीवर ‘अपँटेलिस’ लिहिलेलं असतं. ती प्रजाती पुढे अनेक प्रजातींत वाटली गेली, तेव्हा ते नाव आज फार तर ‘त्या घराण्यातली’ एवढंच सांगतं.

बारीक मंडळी

तांदळाच्या दाण्याहून लहान, कार्डाच्या त्रिकोणी टोकावर चिकटवलेल्या, बऱ्याचदा हिरव्या-निळ्या चमकणाऱ्या, कोपरात मोडल्यासारख्या मिशा आणि पंखात जवळजवळ शिराच नाहीत, वरच्या काठाने एकच जाड रेघ आणि तिला छोटा फाटा. हे कॅल्सिडॉइडिया अधिकुल, म्हणजे अनेक कुलांचा गट. खात्रीची खूण म्हणजे मान आणि बाजूच्या पाटीमध्ये पंखाच्या मुळाशी दिसणारा सुटा त्रिकोणी तुकडा.

त्यातही मागची मांडी फुगलेली, खालून दातेरी, पोटरी वाकडी असेल तर पहिला अंदाज कॅल्सिडिडी. ही बहुधा काळी-पिवळी असते, चमकत नाही. मांडी तशीच पण अंडी घालण्याची नळी पाठीवर वळवून ठेवलेली आणि पंख लांबीत घडी केलेले, तर ल्युकोस्पिडी, एकट्याने राहणाऱ्या मधमाश्यांच्या घरट्यांवर जगणारी.

बाकीच्यांसाठी पावलाची पेरं मोजा. ही सगळ्यात स्वस्त युक्ती. तीन असतील तर ट्रायकोग्रामाटिडी, चार असतील तर बहुधा युलोफिडी. पाच असतील तर प्रश्न सुटला नाही, वाढला. मधल्या पायाशी फुगीर बाजू आणि मोठा काटा दिसला तर एन्सिर्टिडीचा विचार करा, या जिवंतपणी उड्या मारतात. झालरीचे अरुंद पंख आणि चेहऱ्यावर इंग्रजी एच अक्षरासारख्या रेघा म्हणजे मायमॅरिडी. टेरोमॅलिडी लिहायची वेळ आली तर पुन्हा विचार करा. या कुलाची २०२२ मध्ये फोड झाली आणि त्यातून बरीच स्वतंत्र कुलं उभी राहिली, त्यामुळे जुनी किल्ली (खुणांवरून नावापर्यंत नेणारा तक्ता) वापरून लावलेलं हे नाव आज अर्धवट ठरेल.

ट्रायकोग्रामा आपल्या ऊस-शेतकऱ्यालाही ट्रायकोकार्डमुळे (तिची पिल्लं आत असलेली अंडी चिकटवलेलं कार्ड) माहीत आहे, पण टाचणीवर ती ओळखायला जाऊ नका. एक मिलिमीटरहून लहान जीव वाळला की सुरकुततो. ती काचपट्टीवर कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकात लावावी लागते आणि जात ठरते ती प्रामुख्याने नराच्या जननेंद्रियावरून. हे महत्त्व नगरकट्टी आणि नागराजा या भारतीय संशोधकांनी १९७१ साली नीट मांडलं. त्याआधीच्या आपल्याकडच्या नोंदींत ट्रायकोग्रामा ऑस्ट्रॅलिकम या जातीची म्हणून गेलेली बरीच माशी पुढे ट्रायकोग्रामा किलोनिस निघाली. असा उलगडा होतो तो कुणीतरी नमुने जपले म्हणून.

उरलेल्या

काळी, आखूड, आणि उदर म्हणजे पाठीवर उंच जोडलेला इवलासा झेंडा. ही मुंबईकराने बाथरूमच्या खिडकीवर पाहिलेली असते: एव्हॅनिइडी कुल, झुरळाच्या अंड्यांच्या डबीवर जगणारं. ‘एव्हॅनिया अपेंडिगॅस्टर’मधलं ‘अपेंडिगॅस्टर’ हे जातीचं नाव लिनियसने १७५८ साली दिलं, पण तशाच दिसणाऱ्या आणखी प्रजाती आहेत, म्हणून खिडकीतली दिसली की हेच नाव, असं करू नका. उदर तसंच उंच जोडलेलं पण लांबलचक, मान ताणलेली आणि मागची पोटरी गदेसारखी असेल तर गॅस्टरुप्टिइडी. निळी-हिरवी धातूसारखी, उदराची खालची बाजू खोलगट, जेमतेम तीन-चार खंड दिसणारी क्रायसिडिडी, कुंभारणीसारख्यांच्या घरट्यांत अंडी घालणारी. काळी, बारीक, मिशा अगदी तोंडालगत, उदराच्या कडा धारदार, तर स्केलिओनिडी, हे अंड्यांवर जगणारं कुल. मधली काही वर्षं ते प्लॅटिगॅस्ट्रिडीत विलीन मानलं जायचं, आता पुन्हा वेगळं आहे. त्यामुळे एकाच माशीवर दोन वर्षांच्या दोन चिठ्ठ्यांवर दोन कुलं दिसली तर दोन्ही माणसं शहाणीच होती असं समजा.

चिठ्ठी लिहिणं आणि पुढे पाठवणं

जुनी चिठ्ठी, ती चुकीची असली तरी, काढायची नाही. तिच्याखाली आपली लावायची: नाव, ओळख पटवणाऱ्याचं नाव, वर्ष. शास्त्रीय नाव रोमन लिपीत. नाव देणाऱ्या संशोधकाचं नाव कंसात असेल तर कंस गाळू नका. त्याचा अर्थ जात मुळात दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती असा असतो. कुलावर थांबलात तर का थांबलात तेही वहीत नोंदवा: ‘उजवा पंख नाही’, ‘नर, किल्ली मादीची’. पुढच्या माणसाचा एक दिवस वाचतो.

डीएनएसाठी पाय तोडावा का, असं हल्ली पहिल्याच दिवशी विचारतात. आधी फोटो, मग विभागाची लेखी परवानगी, मग एकच पाय, आणि पायाच्या नळीवर माशीचाच क्रमांक. शंभर वर्षं टाचणीवर वाळलेल्या माशीत डीएनए तुकड्यातुकड्यांत उरलेला असतो, निकाल येईलच याची हमी नाही.

अडलेले नमुने जाणत्याकडे पाठवा. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, शेतीशी संबंधित कीटकांसाठी बंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आहे, आणि तुलनेसाठी फोर्टमधल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह परवानगी काढून बघता येतो. परदेशात पाठवायचं तर जैविक विविधता कायदा, २००२ लागू होतो. कागद पूर्ण झाल्याशिवाय पाकीट पोस्टात टाकू नका.

देशातल्या देशात पाठवतानाही एका खोक्यात दुसरं खोकं, मधे चारही बाजूंनी दोन-दोन इंच भुसा किंवा फोम. आतल्या खोक्यात प्रत्येक माशीच्या दोन्ही बाजूंना एक-एक मोकळी टाचणी खोचा, चिठ्ठीच्या कडेला टेकून. प्रवासात चिठ्ठी टाचणीभोवती गरागरा फिरते आणि शेजारणीच्या मिशा छाटत सुटते.